तारापूरचा किरणोत्सारी कचरा: ३०० वर्षांची देखरेख कोण करतं, आणि बोअरवेलचे आकडे वाचायचे कसे?

चिकूवाडी यांचा प्रश्न:

तारापूरला कमी आणि मध्यम तीव्रतेचा किरणोत्सारी घन कचरा अणुऊर्जा प्रकल्पाच्या आवारातच, जमिनीलगतच्या खंदकांत आणि काँक्रीटच्या उभ्या नळ्यांत पुरतात. देशात अशा सात जागा आहेत. पुनर्प्रक्रियेतून निघणारा अतितीव्र द्रव कचरा यात येत नाही. तो बोरोसिलिकेट काचेत बांधून थंड होण्यासाठी वेगळ्या इमारतीत ठेवतात, त्यामुळे तो विषय इथे नको.

घिवली, उनभाट, दांडी या बाजूच्या ग्रामपंचायतींसाठी साध्या मराठीत एक टिपण तयार करायचं आहे. चार गोष्टींवर जाणकारांनी लिहावं:

१. कचऱ्याच्या जागेवर नियामक नजर नक्की कुणाची? एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ), की बीएआरसीची (भाभा अणुसंशोधन केंद्र) स्वतःचीच?
२. समजा एखाद्या बोअरवेलच्या अहवालात 'एकूण बीटा १.१ बेकेरेल प्रतिलिटर, ट्रिशियम आणि सीझियम-१३७ बीडीएल' असं लिहून आलं, तर त्याचा अर्थ काय? भारतीय मानक ब्युरोची पिण्याच्या पाण्यातली एकूण बीटाची मर्यादा १.० आहे. म्हणजे गळती आहे असं समजायचं का?
३. ३०० वर्षं हा आकडा कुठून आला, आणि तेवढ्या काळात काय काय बिघडू शकतं?
४. माहिती मागायची तर नेमकी कोणती मागावी, म्हणजे 'सर्व मूल्ये मर्यादेत आहेत' एवढ्या एका ओळीवर बोळवण होणार नाही?

---

शोधमर्यादा यांचा प्रतिसाद:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

'एकूण बीटा', म्हणजे पाण्यातून बाहेर पडणाऱ्या सगळ्या बीटा कणांची मिळून मोजणी, हा आकडा म्हणजे चाळणी आहे. त्यात कोणतं मूलद्रव्य आहे ते कळत नाही. समुद्रकाठच्या विहिरीत तर तो हमखास फसवतो, आणि त्याचं कारण पोटॅशियम. जगातल्या सगळ्या पोटॅशियममध्ये थोडं किरणोत्सारी पोटॅशियम-४० असतंच. एक ग्रॅम पोटॅशियममधून सेकंदाला साधारण २७.६ बीटा कण बाहेर पडतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ०.३९ ग्रॅम पोटॅशियम असतं. आता हिशेब करा. बोअरवेलमध्ये दहा टक्के खारं पाणी शिरलं, तर लिटरमागे ३९ मिलिग्रॅम पोटॅशियम आलं, म्हणजेच १.०८ बेकेरेल (सेकंदाला १.०८ कण) बीटा आला. मर्यादा ओलांडली गेली आणि प्रकल्पाचा त्यात काडीचाही संबंध नाही.

म्हणून त्याच बाटलीतल्या पाण्याचं पोटॅशियम मोजून घ्या. ही तपासणी स्वस्त आहे आणि पाणी तपासणाऱ्या कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत होते. मिलिग्रॅमच्या आकड्याला ०.०२७६ ने गुणा आणि एकूण बीटातून वजा करा. उरलेला आकडा १ च्या वर गेला तर स्ट्रॉन्शियम-९० आणि सीझियम-१३७ वेगवेगळं मोजायला सांगा. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पातळी या दोन्हींसाठी लिटरला १० बेकेरेल आणि ट्रिशियमसाठी (किरणोत्सारी हायड्रोजन) १०,००० बेकेरेल आहे.

'बीडीएल' म्हणजे शोधमर्यादेखाली. ही यंत्राची मर्यादा, कायद्याची नव्हे. 'बीडीएल' आणि 'मर्यादेत' हे दोन शब्द एकाच ओळीत आले की लोक गल्लत करतात. आणि शोधमर्यादा किती ते लिहिलेलं नसेल तर 'बीडीएल' या शब्दाला काहीच किंमत नाही. साध्या द्रव-प्रस्फुरण गणकावर, म्हणजे ऊर्ध्वपातन केलेलं काही मिलिलिटर पाणी किरणांनी चमकणाऱ्या द्रवात (कॉकटेलमध्ये) मिसळून मोजलं तर, ट्रिशियमची शोधमर्यादा लिटरला पाच-दहा बेकेरेलच्या आसपास येते. कुणी १०० ची शोधमर्यादा धरून 'बीडीएल' लिहिलं, तर आरोग्याच्या दृष्टीने फरक पडणार नाही. १०० बेकेरेलचं पाणी वर्षभर रोज दोन लिटर प्यायलं तरी शरीराला मिळणारी किरणांची मात्रा १.३ मायक्रोसीव्हर्ट होते, आणि जनतेसाठीची वार्षिक मर्यादा १ मिलिसीव्हर्ट, म्हणजे १००० मायक्रोसीव्हर्ट आहे. पण गळतीची चाहूल घेण्यासाठी तेच मोजमाप कुचकामी ठरतं. १० वरून २० आणि २० वरून ४० असा चढणारा आकडा त्यात दिसणारच नाही. आपल्याला हवा असतो तो हा चढ.

आता नमुना घेण्याबद्दल, कारण निम्म्या चुका प्रयोगशाळेत पोचायच्या आधीच झालेल्या असतात.

बोअरवेलमध्ये साचून राहिलेलं पाणी आधी उपसून टाकावं लागतं. केसिंगमधल्या पाण्याच्या निदान तिप्पट तरी. ६ इंची बोअर आणि ३० मीटर पाण्याचा उभा स्तंभ असेल तर ते पाणी सुमारे ५३० लिटर होतं, म्हणजे जवळपास १६०० लिटर उपसायचं. पाण्याची विद्युतवाहकता आणि तापमान स्थिर झालं की मग बाटली भरायची. घाईघाईत पहिली बादली भरून नेली तर तो नमुना भूजलाचा नसतोच.

बाटल्या दोन लागतात. सीझियम-स्ट्रॉन्शियमच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि आकडा कमी येतो. ट्रिशियमच्या बाटलीत आम्ल अजिबात घालायचं नाही, ती काठोकाठ भरून घट्ट बंद करायची. आत हवेची पोकळी ठेवायची नाही. दोन्ही बाटल्यांवर बोअरवेलचा क्रमांक, खोली, तारीख, वेळ आणि भरतीची की ओहोटीची वेळ होती ते लिहायचं. किनाऱ्याजवळच्या बोअरमध्ये भरतीने पातळी आणि खारटपणा दोन्ही हलतात.

---

मुरूमखडक यांचा प्रतिसाद:

तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

३०० वर्षं आली ती सीझियम-१३७ (अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ३०.२ वर्षं) आणि स्ट्रॉन्शियम-९० (२८.८ वर्षं) यांच्यावरून. दहा अर्धायुष्यं उलटली की हजारातला एक भाग उरतो. आपल्याकडे या ३०० वर्षांची विभागणी साधारण अशी धरतात: पहिली १०० वर्षं सक्रिय देखरेख (कुंपण, पहारा, नमुने, डागडुजी) आणि पुढची २०० वर्षं निष्क्रिय, म्हणजे खुणेचे दगड, नोंदी आणि जमिनीच्या वापरावर बंदी.

पण या हिशेबात एक अट दडलेली आहे. खंदकात दीर्घायुषी मूलद्रव्यं अगदी थोडीच गेली पाहिजेत. निकेल-६३ चं अर्धायुष्य १०० वर्षं आहे, म्हणजे ३०० वर्षांनंतरही आठवा हिस्सा शिल्लक राहतो. कार्बन-१४ चं ५,७३० वर्षं, त्याला ३०० वर्षं म्हणजे काहीच नाही. म्हणून पिंप आत जाताना काय मोजलं आणि काय लिहून ठेवलं यावर पुढची तीन शतकं उभी असतात. आपल्याकडच्या वर्गीकरणात पृष्ठभागावरची मात्रा तासाला २ मिलिग्रेपर्यंत असेल तर पहिला वर्ग, २ ते २० दुसरा, २० च्या वर तिसरा आणि अल्फा देणारा कचरा चौथा. ढोबळमानाने पहिला दगडी किंवा मातीच्या खंदकात, दुसरा सलोह काँक्रीटच्या खंदकात आणि तिसरा 'टाइल होल'मध्ये जातो. टाइल होल म्हणजे साधारण ७० सेंटिमीटर व्यासाची, ४ मीटर खोल, पोलादी अस्तराची उभी नळी. नळी भरली की वरून काँक्रीटने बंद करतात. द्रव कचरा यात पुरत नाहीत. आधी सिमेंटमध्ये किंवा पॉलिमरमध्ये बांधून त्याचा घन गोळा करावा लागतो.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा पाण्यापाशी. डहाणू-पालघरच्या पट्ट्यात चार महिन्यांत सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. खंदकावरचं आच्छादन तडकलं आणि खालची माती पाणी सोडत नसेल, तर खंदक टबासारखा भरत जातो. वरून येणारं पाणी खालून जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त, आणि एका पावसाळ्यात कचऱ्याला लागलेलं पाणी काठावरून बाहेर. अमेरिकेत वेस्ट व्हॅली आणि मॅक्सी फ्लॅट्स या कचरा पुरण्याच्या दोन्ही जागांवर १९७० च्या दशकात हीच अडचण झाली. आच्छादन तडकण्याचं मूळही बहुधा खालीच असतं. नीट न दाबलेली पिंपं गंजून बसतात, पोकळी होते, वरची माती खचते आणि खचलेल्या जागी पाणी साचतं. वापरून झालेली आयन-विनिमय रेझिनं (पाणी शुद्ध करणारे दाणे) सिमेंटमध्ये बांधताना प्रमाण चुकलं तर ती पाणी पिऊन फुगतात आणि गोळ्याला चिरा पाडतात. झाडाची मुळं आणि घुशींची बिळंही कमी त्रास देत नाहीत.

म्हणून मे महिन्यात आच्छादनाची पातळी मोजणं, चर साफ करणं आणि काँक्रीटच्या खंदकातल्या तपासणी नळीत पाणी आहे का ते पाहणं, ही कामं एकाही वर्षी चुकता कामा नयेत. नळीत पाणी सापडलं तर आधी ते मोजायचं, मग उपसायचं, आणि दोन्हींची नोंद ठेवायची.

आता खडक. तारापूर दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलं आहे. वर मुरूम, खाली भेगा असलेला कातळ. मातीतून पाणी झिरपत जातं, भेगेतून ते धावतं. ट्रिशियम पाण्याच्या रेणूचाच भाग झालेलं असल्यामुळे पाण्याच्याच वेगाने जातं. सीझियमला चिकणमाती धरून ठेवते. समजा भूजल वर्षाला १० मीटर सरकतं आणि निरीक्षण विहीर ५० मीटरवर आहे, तर ट्रिशियम पाच वर्षांत पोचेल. सीझियम मातीमुळे ५०० पट मागे राहिलं तर त्याला २,५०० वर्षं लागतील, आणि तोवर ते संपलेलं असेल. म्हणून 'सीझियम सापडलं नाही' यावर समाधान मानू नका. खबर आणणारं मूलद्रव्य ट्रिशियम आहे. स्ट्रॉन्शियम मधलं. ते कॅल्शियमच्या घराण्यातलं, त्यामुळे खाऱ्या पाण्यात मातीची पकड सुटते आणि ते लवकर हलतं. तारापूरला समुद्र शेजारीच आहे, तेव्हा स्ट्रॉन्शियम स्वतंत्र मोजलंच पाहिजे.

आणि विहीर भेगेवर बसली आहे की भेगेच्या बाजूच्या कोरड्या कातळात, हे तर सगळ्यात आधी पाहायचं. कोरड्या कातळातली बोअर शंभर वर्षं स्वच्छच राहील.

---

चिकूवाडी:

दोघांचेही आभार, हेच हवं होतं. एक उपप्रश्न. पाण्यात नाही, पण मातीत किंवा भाताच्या शेतात सीझियम-१३७ सापडलं तर?

---

शोधमर्यादा:

सापडेलच. १९५० आणि ६० च्या दशकात हवेत केलेल्या अणुचाचण्यांमुळे जगभरच्या मातीत ते उतरलेलं आहे. म्हणून एका नमुन्यावरून काही ठरत नाही. दोन गोष्टी पाहा. पहिली, सीझियम-१३४ आहे का. त्याचं अर्धायुष्य जेमतेम दोन वर्षं, त्यामुळे चाचण्यांचं सीझियम-१३४ केव्हाच संपलं. मातीत ते दिसलं तर ते अणुभट्टीतलं आणि अलीकडचं. दुसरी, खोलीनुसार वाटणी. न नांगरलेल्या जमिनीत जुनं सीझियम वरच्या काही सेंटिमीटरमध्येच असतं. नांगरलेल्या भाताच्या खाचरात ते मिसळून गेलेलं असतं, म्हणून तुलनेसाठी न नांगरलेली जागा निवडा: जुन्या देवळाचं आवार, गावाची गायरान जमीन. आणि तोच नमुना प्रकल्पापासून ३० किलोमीटरच्या पलीकडे, तशाच मातीत घ्या.

परिसराची नियमित मोजणी अणुकेंद्राजवळच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा करतात. अणुकेंद्र सुरू होण्याआधीच त्या मूळ पातळीची नोंद घेतात. ३० किलोमीटरपर्यंतचं पाणी, माती, दूध, भाजी, मासळी, समुद्रातलं शेवाळ हे सगळं त्यात येतं. आयोडीन-१३१ साठी शेळीची थायरॉइड ग्रंथी तपासतात, कारण शेळी मोठ्या क्षेत्रावर चरते आणि ग्रंथी आयोडीन साठवते. कुंपणावर आणि गावांत लटकवलेल्या डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या दर तीन महिन्यांनी वाचतात. तिथले मासळीचे आकडे मागताना बोंबील आणि कालवं वेगळी मागा. गाळाजवळ राहणारं कालवं आणि पोहणारा मासा यांची सरासरी काढली तर त्यातून काहीच कळत नाही.

---

कलम_सहा यांचा प्रतिसाद:

पहिला आणि चौथा प्रश्न.

किरणोत्सारी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम १९८७ चे, १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली निघालेले. परवानगीपत्राशिवाय विल्हेवाट लावता येत नाही, आणि ज्या जागी, ज्या पद्धतीने, जेवढ्या प्रमाणात परवानगी आहे तेवढीच लावायची, हा त्यांचा गाभा. एईआरबी १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झाली आणि अणुवीज केंद्रांवर नजर तिची. पण २००० साली बीएआरसीच्या सुविधा एईआरबीच्या कक्षेतून काढल्या गेल्या आणि बीएआरसीच्याच अंतर्गत सुरक्षा परिषदेकडे गेल्या. तारापूरच्या आवारात दोन्ही प्रकारच्या सुविधा शेजारी शेजारी आहेत. म्हणून पहिला अर्ज असाच हवा: 'अमुक विल्हेवाट सुविधेचे परवानगीपत्र कोणत्या प्राधिकाऱ्याने, कोणत्या तारखेला दिले, त्याची प्रत द्यावी.' एवढ्या एका उत्तरावरून पुढचा पत्ता ठरतो. दोन्हीकडे एकाच दिवशी वेगवेगळे अर्ज टाका, म्हणजे 'हा विषय आमचा नाही' या उत्तरात महिना जाणार नाही.

स्वतःच कचरा निर्माण करायचा, स्वतःच पुरायचा आणि स्वतःच तपासायचा, ही रचना मला मुळातच मान्य नाही. मोजणारे लोक प्रामाणिक आणि जाणते असले तरी. कॅगने २०१२ च्या अहवालात नियामकाच्या स्वायत्ततेवर बोट ठेवलं होतं, ते याच कारणाने.

अर्जात काय मागायचं: निरीक्षण विहिरींची यादी, प्रत्येकीचं खंदकापासून अंतर, दिशा आणि खोली. गेल्या दहा वर्षांची ट्रिशियम, स्ट्रॉन्शियम-९०, सीझियम-१३७ आणि एकूण बीटाची प्रत्येक नमुन्याची मूल्यं, वार्षिक सरासरी नव्हे. प्रत्येक मूल्यासोबत तारीख, शोधमर्यादा आणि अनिश्चितता. आच्छादनाच्या तपासणीचे आणि दुरुस्तीचे अहवाल. 'कचरा सुरक्षित आहे का?' असा प्रश्न कधीही विचारू नका. माहिती अधिकारात अस्तित्वात असलेला कागद मागता येतो, मत मागता येत नाही, आणि असा अर्ज पहिल्या ओळीतच निकाली निघतो.

शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. सुरक्षेचं कारण देऊन कलम ८ च्या पहिल्याच खंडाखाली नकार आला तर घाबरू नका. कलम १० नुसार गोपनीय भाग वगळून उरलेला द्यावा लागतो. पहाऱ्याची जागा गोपनीय असू शकते, गावाच्या विहिरीतलं ट्रिशियम नाही. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं केंद्रीय माहिती आयोगाकडे ९० दिवसांत. एईआरबीच्या वार्षिक अहवालांत प्रत्येक केंद्राचे विसर्ग आणि जनतेला मिळालेली मात्रा छापतात, ते आधी उतरवून घ्या. छापलेली माहिती पुन्हा मागून अर्ज वाया घालवू नका.

फ्रान्समध्ये ला मांश इथली जमिनीलगतची जागा १९९४ ला भरून बंद झाली. तिथेही ३०० वर्षांचीच देखरेख धरली आहे. १९७६ मध्ये तिथून ट्रिशियम गळून शेजारच्या ओढ्यात गेलं होतं. आज तिथे आकडे स्थानिक लोकांच्या समितीसमोर ठेवावे लागतात, आणि नोंदी टिकाऊ कागदावर छापून एक प्रत राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवली आहे. कागद का? कारण ३०० वर्षांनी कोणतं संगणकी स्वरूप उघडेल याची कुणालाच खात्री देता येत नाही. जर्मनीत अस्सेच्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ दरम्यान सुमारे सव्वा लाख पिंपं ठेवली. आता रोज साधारण १२ घनमीटर पाणी आत येतं आणि कोणत्या पिंपात काय आहे याच्या नोंदी अपुऱ्या. आपल्याकडच्या पिंपांच्या नोंदवहीची दुसरी प्रत आवाराबाहेर कुठे आहे, हाही एक अर्ज टाकण्याजोगा प्रश्न आहे.

---

शिसेपेटी यांचा प्रतिसाद:

वरचं सगळं बरोबर, तरी टिपणात एक पान वेगळ्या कचऱ्यासाठी ठेवा. खंदकाभोवती कुंपण असतं. कारखान्यातल्या मापकाभोवती ते नसतं.

बोईसरजवळची एमआयडीसी शेजारी आहे. रसायन, पोलाद, कागद या उद्योगांत टाकीतली पातळी किंवा जाडी मोजायला सीझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० चे सीलबंद स्रोत वापरतात. सीझियमचं अर्धायुष्य ३० वर्षं. कारखाना पंधरा वर्षांत बंद पडतो, यंत्रं लिलावात जातात आणि पिवळ्या पत्र्याखालचा शिशाचा डबा 'जड आहे, भाव चांगला येईल' म्हणून भंगारात पोचतो. दिल्लीत मायापुरीला एप्रिल २०१० मध्ये हेच झालं. दिल्ली विद्यापीठातलं, १९८५ पासून पडून असलेलं गॅमा सेल (संशोधनासाठी किरणांचा मारा करणारं यंत्र) लिलावात गेलं, भंगारवाल्यांनी ते फोडलं, कोबाल्ट-६० उघडं पडलं आणि एका कामगाराचा जीव गेला. कॅगच्या त्याच अहवालात आहे की मुदत संपलेल्या स्रोतांची विल्हेवाट खरंच लागली का, हे पडताळायची नीट व्यवस्था नव्हती. आणि ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण यंत्रणांपैकी ५२,१७३ विनापरवाना चालू होत्या.

योग्य मार्ग असा: कारखान्याच्या किरण सुरक्षा अधिकाऱ्याने एईआरबीच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर स्रोत 'वापराबाहेर' दाखवायचा, पुरवठादाराकडे परत किंवा मान्यताप्राप्त विल्हेवाट केंद्राकडे पाठवायची परवानगी घ्यायची, शटर बंद करून कुलूप लावायचं, पृष्ठभागावरची मात्रा मोजायची, मंजूर पेटीतून वाहतूक करायची आणि पोचपावती आली की ती प्रणालीवर चढवायची. पावती येईपर्यंत स्रोत कारखान्याच्याच नावावर असतो. गोची होते ती सुरक्षा अधिकारी नोकरी सोडून जातो तेव्हा. त्याच्यामागे कुणाला माहीतच नसतं की तो डबा काय आहे.

म्हणून ग्रामपंचायतीने कारखाना बंद करण्याची नोटीस किंवा लिलावाची जाहिरात दिसली की एईआरबीला पत्र टाकून विचारावं: या पत्त्यावर नोंदलेले स्रोत कोणते आणि ते परत गेले का? आणि गावातल्या प्रत्येक भंगाराच्या दुकानात तीन पात्यांच्या चिन्हाचं चित्र लावावं. तसा डबा आला तर हात लावायचा नाही, कापायचा नाही, लोकांना लांब ठेवून पोलीस आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवायचं.

---

मुरूमखडक:

शिसेपेटी यांच्याशी एका मुद्द्यावर असहमत. धोका आज कुठे मोठा, असं विचारलं तर भंगाराचाच, हे मान्य. पण टिपणात खंदकांचं पान छोटं करू नका. भंगारातला डबा सापडला की उचलता येतो. भेगेतून निघालेलं पाणी परत आणता येत नाही.

चिकूवाडी, पंचायतीला स्वतःचं काही सुरू करायचं असेल तर वर्षातून दोनदा, मे अखेर आणि ऑक्टोबरमध्ये, त्याच चार विहिरींची पातळी, विद्युतवाहकता आणि पोटॅशियम मोजून ठेवा. चारपैकी एक विहीर प्रकल्पापासून लांब, भूजलाच्या चढाच्या बाजूला, म्हणजे जिथून भूजल प्रकल्पाकडे वाहतं तिकडे, असू द्या. याला किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र लागत नाही. उद्या कुणी ट्रिशियमचा आकडा हातात ठेवला, तर तो कोणत्या पाण्यातला, कोणत्या ऋतूतला आणि किती खाऱ्या पाण्यातला हे सांगणारी वही गावाकडे असेल. पहिलं मोजमाप येत्या मे अखेरीस, पाऊस लागायच्या आत घ्या.